जुन्या रायफलीचे लाकूड

लिलावाच्या दालनात लांबट मेजावर दोन रायफली शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात. दोन्ही एकाच जातीच्या, दोहोंचेही वय शंभराच्या घरात. एकीचे लाकूड मधाच्या रंगाचे, गुळगुळीत आणि इतके चकचकीत की दिव्याचे प्रतिबिंब त्यात पडावे. दुसरीचे लाकूड तेल पिऊन पिऊन काळसर झालेले, टाचेपाशी एक ठिगळ मारलेले आणि बोटांच्या पकडीच्या जागी थोडेसे झिजलेले. नवखा ग्राहक साहजिकच पहिलीकडे वळतो. जाणता मनुष्य दुसरी उचलतो. प्रथम बोल्ट मागे ओढून नळी रिकामी असल्याची खात्री करून घेतो. नंतर ती उलटी धरून तोंडाजवळच्या लाकडाची खालची बाजू भिंगातून न्याहाळू लागतो. त्या जागी काही अक्षरे व आकडे ठोकलेले आहेत किंवा नाहीत, आणि असल्यास ते लोखंडावरच्या आकड्यांशी जुळतात किंवा नाही, एवढाच त्याच्या मनातला प्रश्न असतो. त्या प्रश्नाच्या उत्तरावर त्या वस्तूची किंमत पुष्कळ अंशी अवलंबून असते. आणि किंमतीहूनही महत्त्वाची गोष्ट, म्हणजे ती वस्तू जे सांगते ते खरे की खोटे, हेही त्यावरच ठरते.

बंदुकीचे लोखंड सहसा मरत नाही. नळी झिजली तर ती बदलतात, परंतु जिच्यावर कारखान्याचे नाव, मुकुट आणि साल कोरलेले असते ती मुख्य चौकट शंभर वर्षे सहज टिकते. लाकडाचे तसे नाही. ते पावसात फुगते, उन्हात आकसते, तेलाने मऊ पडते, प्रत्येक बाराबरोबर मागे रेटले जाऊन चेपत जाते, आणि शिपाई खंदकात पडला म्हणजे बहुधा तेच प्रथम आपटते. हातघाईच्या प्रसंगी तर दस्ता हेच शस्त्र होते. १९४४ सालच्या जुलै महिन्यात इटलीमध्ये टायबर नदीच्या खोऱ्यात कुलाबा जिल्ह्याचे, म्हणजे आजच्या रायगडचे, नाईक यशवंत घाडगे ह्यांनी जो पराक्रम केला व ज्याबद्दल त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, त्यात काडतुसे संपताच त्यांनी आपले हत्यार नळीकडून धरून त्याच्या तडाख्यांनी उरलेल्या दोघा शत्रूंचा निकाल लावला. ते हत्यार टॉमी गन होते, रायफल नव्हे. परंतु लढाईत लाकडाच्या वाट्याला काय येते ते समजण्यास हे उदाहरण पुरे आहे. तात्पर्य, जी रायफल खरोखर लढाईत वापरली गेली तिचे लाकूड बदललेले असण्याचाच संभव अधिक. येथूनच सगळी गुंतागुंत सुरू होते.

ह्या विषयाचे उत्तम उदाहरण म्हणजे ली-एन्फील्ड रायफल, आपल्याकडे जिला सरसकट ‘थ्री-नॉट-थ्री’ म्हणतात ती. एन.सी.सी.च्या कवायतीत ती ज्यांनी खांद्यावर वागवली अशी माणसे शहरांतील पुष्कळ घरांत निघतील. पोलिसांच्या हाती ती इतकी वर्षे राहिली की २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला तेव्हाही छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पहाऱ्याच्या पोलिसांजवळ तीच होती. आपल्या देशात हे काडतूस ‘प्रतिबंधित’ वर्गात मोडत असल्यामुळे सामान्य नागरिकास ती बाळगता येत नाही. म्हणून तिचे संग्राहक मुख्यतः ब्रिटन, अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया ह्या देशांत आढळतात. परंतु त्यांच्या संग्रहातील कित्येक रायफली आपल्याच बंगालमधील, हुगळीकाठच्या ईशापूर कारखान्यातून निघालेल्या असतात, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

जर्मन माऊझर किंवा अमेरिकन गॅरंड ह्यांचा दस्ता टाचेपासून पुढपर्यंत एकाच लाकडाचा असतो. ली-एन्फील्डचे तसे नाही. तिचे मागचे लाकूड, म्हणजे खांद्याला लावावयाचा दस्ता, वेगळे. आणि नळीखालचे पुढचे लाकूड वेगळे. दोहोंच्या मध्ये लोखंडाचे एक कोंदण असते, त्यात मागचा दस्ता बसवून एका लांब बोल्टाने आवळलेला असतो. शिवाय नळीच्या वर हात भाजू नये म्हणून बसविलेली लाकडी झाकणे आहेत ती निराळीच. त्यामुळे ‘दस्ता मूळचा आहे काय?’ हा प्रश्न ह्या रायफलीच्या बाबतीत एक नसून तीन-चार प्रश्नांचा जुडगा आहे, आणि प्रत्येकाचे उत्तर वेगळे येऊ शकते.

ह्यांपैकी खरा साक्षीदार म्हणजे पुढचे लाकूड. ते कोणत्याही रायफलीला जसेच्या तसे बसत नसे. कारखान्यातील कसबी कारागीर ते त्या त्या चौकटीला घासून, तासून, पुन्हा लावून पाहून बसवीत असे; कारण बार उडताच चौकट मागे रेटली जाते तो सगळा धक्का ह्या लाकडाच्या मागच्या टोकास दोन ठराविक जागी सोसावा लागतो. त्या दोन जागा लोखंडाला सारख्या टेकल्या नाहीत तर नेम बिघडतो आणि काही काळाने लाकूड चिरते. इतक्या कष्टाने बसविलेले लाकूड दुरुस्तीच्या वेळी दुसऱ्याच रायफलीला जाऊ नये म्हणून तिचा क्रमांक त्यावर ठोकीत. पहिल्या महायुद्धातील जी ‘शॉर्ट’ ली-एन्फील्ड, तिच्या पुढच्या लाकडावर हा क्रमांक तोंडाकडील लोखंडी टोपणाच्या किंचित मागे, खालच्या अंगास असतो. तोच क्रमांक चौकटीवर, नळीवर, बोल्टाच्या दांड्यामागे, मागच्या माशीच्या पट्टीवर व त्या टोपणावर शोधावयाचा. सगळीकडे एकच आकडा सापडला तर पाहणाऱ्याच्या तोंडून आनंदाचा उद्गार निघतो. आणि तो फार थोड्या वेळा निघतो.

आकडा जुळला म्हणजे काम संपले असेही नाही. आकडा कसा ठोकला आहे तेही पाहावे लागते. खऱ्या ठशात लाकडाचे तंतू दबलेले असतात, तुटलेले नसतात. त्याच्या कडा वर्षानुवर्षांच्या हाताळण्याने बोथट झालेल्या असतात आणि तळाशी तेल व मळ ह्यांचा काळा थर जमलेला असतो. गेल्या वर्षी ठोकलेल्या आकड्याच्या तळाशी फिकट लाकूड डोकावते, मग त्यावर काळे मेण कितीही चोळा. कधी कधी एक जुना आकडा आडव्या रेघेने खोडून त्याच्याजवळ दुसरा ठोकलेला आढळतो. नवशिक्यास ही लबाडी वाटते; वस्तुतः ती बहुधा प्रामाणिकपणाचीच खूण होय. सैन्याच्या हत्यारदुरुस्तीखान्यात एका निकामी रायफलीचे चांगले लाकूड काढून दुसरीला बसविताना आर्मोरर असेच करीत. जो फसवू इच्छितो तो आपण होऊन जुना आकडा दिसू देत नाही.

लाकूड काढून आत पाहता आले तर फारच उत्तम. आतला भाग क्वचितच कोणी रंगवतो, त्यामुळे तो खोटे बोलत नाही. जेथे नळी आणि चौकट जोडली जाते तेथे तेल मुरून लाकूड काळे पडलेले असावे; लोखंडाच्या कडांचे ठसे त्यात उमटलेले असावेत; टेकणीच्या दोन जागा दाबाने गुळगुळीत झालेल्या असाव्यात. बाहेरून काळे आणि आतून गव्हाळ असे लाकूड दिसले की समजावे, वय बाहेरून लावलेले आहे. परंतु हे लाकूड काढण्याची एक रीत आहे आणि ती न पाळल्यामुळे जितकी मूळ लाकडे फुटली असतील तितकी कदाचित लढाईतही फुटली नसतील. शॉर्ट ली-एन्फील्डमध्ये मागच्या दस्त्यातून आलेल्या लांब बोल्टाचे चौकोनी टोक पुढच्या लाकडाच्या मागील टोकात बसविलेल्या एका लहानशा पट्टीत अडकलेले असते. हेतू असा की बोल्ट आपोआप सैल पडू नये. आता एखाद्या उत्साही गृहस्थाने प्रथम मागचा दस्ता काढावा म्हणून तो बोल्ट फिरवला की ते चौकोनी टोक पट्टीसकट लाकडाला पिळते आणि शंभर वर्षे टिकलेले अक्रोड एका क्षणात फाटते. म्हणून आधी तोंडाकडील टोपण, मग पट्टे, मग चापाखालचे कवच, मग पुढचे लाकूड आणि सर्वांत शेवटी मागचा दस्ता, हा क्रम होय. ज्यास हा क्रम ठाऊक नाही त्याने स्क्रूला हात लावू नये हेच बरे.

पुढच्या लाकडाचा आकारही बोलका असतो. १९०७ साली मंजूर झालेल्या ‘मार्क तीन’ ह्या नमुन्यास लांब पल्ल्यावर अनेकांनी मिळून गोळीबार करण्यासाठी डाव्या बाजूस एक खास दर्शक असे, आणि त्याची तबकडी बसविण्यासाठी पुढच्या लाकडात जागा कोरलेली असे. महायुद्ध लांबले, लाखो रायफलींची निकड पडली, तेव्हा १९१६ पासून हा दर्शक व आणखी काही भाग गाळून ‘मार्क तीन स्टार’ हा सोपा नमुना आला. तेव्हा एखाद्या रायफलीच्या कोंदणावर १९११ साल व ‘मार्क तीन’ असे कोरलेले आहे, पण डावीकडचे लाकूड सपाट आहे, असे दिसल्यास ते लाकूड पुढे केव्हातरी बदललेले आहे असे अनुमान निघते. उलटही घडते. तबकडीची जागा कोरलेले लाकूड शिल्लक होते म्हणून ते नव्या नमुन्याच्या आरंभीच्या रायफलींना सर्रास बसविले गेले. अशा ठिकाणी पुस्तकी नियम सांगणारा फसतो. युद्धकाळातला कारखाना शिल्लक माल फेकून देत नाही, ही साधी गोष्ट तो विसरलेला असतो.

लाकडाच्या जातीवरूनही पुष्कळ समजते. इंग्लंडातील जुन्या रायफलींचे लाकूड अक्रोडाचे. दुसऱ्या महायुद्धात व त्यानंतर अक्रोड पुरेना म्हणून बीच व बर्च ही लाकडे आली. बीचच्या अंगावर बारीक तपकिरी ठिपके व रेघा असतात त्यावरून ते ओळखू येते. ऑस्ट्रेलियातील लिथगो येथील कारखान्याने क्वीन्सलंड मेपल आणि कोचवूड अशी तिकडची लाकडे वापरली. कोचवूड हे अक्रोडापेक्षा मऊ. बाराच्या धक्क्याने टेकणीच्या जागा चेपू लागल्या, म्हणून तेथे तांब्याचे लहान पत्रे बसविण्यात आले. आता एन्फील्डमध्ये १९१५ साली तयार झालेली रायफल कोचवूडच्या तांबेजडित लाकडात बसलेली आढळली, तर तिचे जन्माचे लाकूड गेले हे निश्चित. परंतु तिने ऑस्ट्रेलियाची वारी केली हेही तितकेच निश्चित. ईशापूरच्या दुरुस्त्यांची खूण म्हणजे पुढच्या लाकडातून आरपार घातलेला एक आडवा स्क्रू. मूळच्या इंग्रजी आराखड्यात तो नाही. लाकूड फाटू नये म्हणून घातलेला हा स्क्रू आज जगभरच्या संग्राहकांत ‘ईशापूर स्क्रू’ ह्याच नावाने ओळखला जातो. कोणत्याही इंग्रजी कारखान्याचे नाव वागवणाऱ्या रायफलीत तो दिसला की ती हिंदुस्थानी दुरुस्तीखान्यातून गेली असली पाहिजे, असे समजण्यास हरकत नाही.

मागच्या दस्त्याची गोष्ट थोडी सैल आहे. ब्रिटिश कारखाने त्यावर रायफलीचा क्रमांक बहुधा ठोकीत नसत, कारण तो शिपायाच्या अंगलटीप्रमाणे बदलण्यासाठीच केलेला असे. अंगरख्याचे माप असावे तशी दस्त्याची मापे होती. नेहमीचा, त्याहून अर्धा इंच लांब, अर्धा इंच आखूड, आणि पहिल्या महायुद्धात आलेला पुरता एक इंच आखूड. वरच्या कडेला टाचेजवळ लांबासाठी ‘एल’, आखूडासाठी ‘एस’ व सर्वांत आखूडासाठी ‘बी’ असे रोमन अक्षर ठोकीत. हे ‘बी’ म्हणजे ‘बँटम’, कोंबड्यांची एक ठेंगणी जात; पाच फूट तीन इंचांखालच्या शिपायांच्या ज्या पलटणी तेव्हा इंग्लंडात उभ्या राहिल्या त्यांसही हेच नाव होते. एखाद्या उंच शिपायाची रायफल ठेंगण्या शिपायाकडे गेली की दस्ता बदलला जाई, आणि त्यात कोणालाच काही वावगे वाटत नसे. दस्त्याच्या उजव्या अंगास जुन्या रायफलींत पितळेची एक चकती असे. तीवर पलटणीची आद्याक्षरे व शस्त्राचा क्रमांक कोरीत. युद्धाच्या धामधुमीत ही चकती बंद झाली. आज ती चकती सुटी विकत मिळते, आणि नामांकित पलटणीचे नाव कोरलेली तर मुद्दाम घडवूनही मिळते. म्हणून चकतीभोवतीच्या लाकडाकडे पाहावे. शंभर वर्षे एकमेकांत राहिलेल्या पितळ आणि लाकडाच्या सांध्यात मळ भरतो, पितळेचा हिरवट डाग लाकडात उतरतो. नव्याने कोरलेल्या खळग्याची कड कोरडी व धारदार राहते.

येथपर्यंत ‘मूळ’ हा शब्द जणू एकाच अर्थाचा आहे असे गृहीत धरले गेले. तो तसा नाही, आणि खरेदी-विक्रीतले निम्मे तंटे ह्याच एका शब्दापायी होतात. एखादी रायफल १९४२ साली कॅनडातील लाँग ब्रँच येथे तयार झाली, दहा वर्षांनी इंग्लंडात कारखान्यात तिची आमूलाग्र दुरुस्ती झाली, आणि तिच्यावर ‘एफ.टी.आर.’ ही अक्षरे व ते साल कोरून तिला नवे बीचचे लाकूड मिळाले, असे समजू. तिचे लाकूड मूळचे म्हणावे काय? जन्मापासूनचे मूळचे नव्हे, हे उघड आहे. परंतु ज्या रूपात ती सैन्यातून निघाली त्या रूपात ते मूळचेच आहे. तिच्यावर आज कोणी शोधून शोधून १९४२ सालचे कॅनेडियन लाकूड चढवले तर ती अधिक ‘शुद्ध’ दिसेल, पण त्या शुद्धतेत तिच्या आयुष्यातला एक खरा प्रसंग पुसला जाईल. लोखंडावर दुरुस्तीची अक्षरे, आणि लाकूड मात्र दुरुस्तीपूर्वीचे, असे विसंगत काहीतरी तयार होईल. हा सुधारणेचा प्रकार जितका सद्‌हेतूने केला जातो तितकाच तो वस्तूला घातक ठरतो. ह्याउलट सैनिकी दुरुस्तीखान्यात मारलेली ठिगळे, म्हणजे तुटल्या जागी कोन जुळवून बसविलेला अक्रोडाचा तुकडा आणि त्यातून घातलेल्या पितळेच्या बारीक खिळ्या, ही पाहिली म्हणजे त्या अनाम आर्मोररच्या हातास नमस्कार करावासा वाटतो. असे ठिगळ दोष नव्हे.

खरा दोष म्हणजे काचकागद. घरात जुनी वस्तू सापडली की ती स्वच्छ करण्याची ऊर्मी सर्वांनाच येते. तांब्याची घागर चिंचेने घासावी तद्वत् कोणी गृहस्थ दस्ता घासून, त्यावर व्हार्निश चढवून तो दिवाणखान्यात टांगतो. एका दुपारच्या ह्या उद्योगात तपासनिसांचे मुकुट, कारखान्याचे गोल शिक्के, मापाचे अक्षर आणि क्रमांक, सगळे पुसट होते किंवा नाहीसे होते. लाकूड मूळचेच राहते, पण ते मूळचे आहे हे सांगणारी जीभ कापली जाते. असे घासलेले लाकूड ओळखण्याची युक्ती सोपी आहे. कारखान्यातून निघताना लाकूड हे त्याला लागून असलेल्या लोखंडापेक्षा केसभर उंच ठेवलेले असे. बोट फिरवून पाहावे. लाकूड लोखंडाच्या पातळीखाली गेलेले लागले, टाचेच्या पितळी पत्र्याची कड बोटास बोचली, स्क्रूभोवती लाकडास बशीसारखा खळगा पडला असेल, तर काचकागद फिरला आहे. चकाकीवरूनही तर्क करता येतो. ब्रिटिश लाकडास जवसाचे तेल पाजीत. ते आत मुरते, वर काचेसारखा थर धरत नाही. लिलावातल्या मेजावरची पहिली रायफल त्या जाणत्या माणसाने का उचलली नाही, ते आता सांगावयास नको.

दुसरा दोष अधिक व्यापक आणि त्याला इतिहासाचे कारण आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यांनी काढून टाकलेल्या रायफली अमेरिकेत टपालाने मागवता येत, अगदी स्वस्तात. १९६८ सालच्या कायद्याने हा टपाली व्यवहार बंद झाला. शिकाऱ्यास ह्या रायफली जड व लांबट वाटत, म्हणून तो पुढचे लाकूड करवतीने अर्धे कापून टाकी, वरचे झाकण फेकून देई आणि हलकी शिकारी बंदूक तयार करी. त्यात त्याने गुन्हा केला असे नव्हे. त्या वेळी त्या वस्तू विटांसारख्या विपुल होत्या. आज त्या दुर्मिळ झाल्यावर त्याच कापलेल्या रायफलींना पुन्हा पूर्ण लाकूड चढवून सैनिकी रूप देण्याचा व्यवसाय चालतो. काम उत्तम असते, आणि विक्रेत्याने तसे स्पष्ट सांगितले तर त्यात गैर काहीच नाही. न सांगितले तर मात्र ग्राहकाने क्रमांक पाहावा, आतला रंग पाहावा, आणि पुढच्या लाकडात मध्येच बारीक जोड तर नाही ना, हे पट्ट्याखाली पाहावे; कारण कापलेल्या लाकडास पुढचा तुकडा जोडून सांधा पट्ट्याखाली लपविण्याची कला फार जुनी आहे.

अमेरिकेच्या एम-वन गॅरंड रायफलीच्या बाबतीत कोडे आणखी अवघड होते. कारण तिच्या लाकडावर क्रमांक मुळी ठोकीतच नसत. तेथे साक्ष काढावयाची ती शिक्क्याची. मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड शस्त्रागारात रायफल पसंत झाली की दस्त्याच्या डाव्या बाजूस चौकटीत ‘एस.ए.’ व त्याखाली शस्त्रागारप्रमुखाची आद्याक्षरे ठोकीत. प्रमुख बदलला की अक्षरे बदलत. आरंभीच्या वर्षांत गिल्बर्ट स्ट्युअर्ट ह्यांची ‘जी.एच.एस.’, युद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, नॉर्मन रॅम्सी ह्यांची ‘एन.एफ.आर.’. म्हणजे चौकटीचा क्रमांक १९४५ चा आणि लाकडावर स्ट्युअर्टची अक्षरे असतील तर ते लाकूड दुसऱ्या रायफलीचे. महायुद्धानंतर बहुतेक गॅरंड शस्त्रागारांत उघडून दुरुस्त झाल्या व सुटे भाग एकमेकांत मिसळले. तेथेही दुरुस्तीखान्याचे शिक्के लाकडावर उमटले आहेत, त्यामुळे कधी एकाच दस्त्यावर दोन-तीन शिक्के वाचावयास मिळतात. अडचण अशी की शिक्का म्हणजे शेवटी एक पोलादी ठसा, आणि तसे नवे ठसे आज घडवून मिळतात. पूर्वी शिक्का नसलेले लाकूड शिक्का नसलेले म्हणून विकले जाई. आता त्यालाच रातोरात स्ट्युअर्ट साहेब लाभतात. अक्षरांचे वळण, चौकटीचे माप, सभोवतीच्या लाकडाइतकाच शिक्काही झिजला आहे की नाही, एवढेच पाहणाऱ्याच्या हाती उरते. झिजलेल्या पृष्ठभागावर ताजातवाना, एकसारखा खोल शिक्का दिसला तर सावध व्हावे.

जर्मनीच्या माऊझर ९८-के रायफलीत क्रमांक लाकडाच्या आत, नळीच्या खाचेत, आणि वरच्या झाकणाच्या आतील बाजूस असतो. ह्या रायफली रशियाने युद्धात हजारोंनी हस्तगत केल्या, सोडवून साफ केल्या व हाती येईल तसे भाग जुळवून साठवून ठेवल्या. लाकडास त्यांनी तांबूस शेलॅक फासला. शेलॅक अतिनील प्रकाशाखाली नारिंगी रंगाने चमकतो, म्हणून अंधाऱ्या खोलीत एक लहानसा अतिनील दिवा पुष्कळ वादांचा निकाल लावतो.

सरहद्दीवरील दर्रा आदमखेल येथे गावठी भट्ट्यांत तयार झालेल्या नकला हा स्वतंत्र विषय होईल. तेथे लाकूड मूळचे की नाही ह्याचा विचार करण्यापूर्वी लोखंडच पाहावे. ‘एन्फील्ड’ ह्या शब्दातले रोमन ‘एन’ उलटे कोरलेले असेल, किंवा व्हिक्टोरिया राणीची अक्षरे आणि खाली तिच्या मृत्यूनंतरचे, १९०१ नंतरचे, साल असेल, तर लाकडापर्यंत जाण्याचे श्रम वाचतात.

एक गोष्ट मात्र केवळ संग्राहकांच्या हौसेची नाही. कवायतीसाठी निकामी केलेल्या रायफलींवर ‘डी.पी.’ ही अक्षरे लोखंडावर व लाकडावर ठोकीत, आणि पुष्कळदा लाकडावर पांढरा पट्टा रंगवीत. अशा रायफलीत बार भरणे जिवावर बेतू शकते. आता एखाद्याने तिचे लाकूड काढून तेथे चांगले लाकूड चढवले तर धोक्याची सर्वांत ठळक पाटीच नाहीशी झाली असे होते. उलट ‘डी.पी.’ लिहिलेले लाकूड एखाद्या चालू रायफलीवर बसवले तर ती निरुपद्रवी समजून कोणी मुलांच्या हाती देईल. म्हणून लाकूड आणि लोखंड एकाच कुळीचे आहेत काय, हा प्रश्न बंदूक हाताळणाऱ्यासही विचारावाच लागतो, आणि तो शस्त्रदुरुस्ती जाणणाऱ्या माणसास विचारावा हे उत्तम.

इकडे लिलावाच्या दालनात जाणत्या माणसाचे भिंग त्या काळसर लाकडावर स्थिरावलेले असते. क्रमांकातले पहिले अक्षर जुळते, पुढचे तीन आकडेही जुळतात. शेवटचा आकडा मळाने भरलेला असतो, तीन की आठ ते कळत नाही. तो खिशातून मऊ फडके काढतो, त्याच्या टोकाने अगदी हलकेच तेवढी जागा पुसतो आणि पुन्हा वाकून पाहू लागतो. मागे उभा असलेला विक्रेता तितक्यात चकचकीत रायफल पुढे करून म्हणतो, “साहेब, ही पाहा ना, किती छान ठेवली आहे!” तो मान वर करीत नाही. आकडा आठ आहे.